समोरच्याचा हात

यंदा धुकं लवकर आलं आणि आलं ते मुक्कामालाच आलं. पहाटे चारला आप्पा अंगणात उतरायचे तेव्हा समोरच्या गोठ्याची भिंतसुद्धा दिसायची नाही, नुसता म्हशीचा उसासा ऐकू यायचा. त्या उसाशाच्या अंदाजाने ते गाडीपर्यंत जायचे, टपावर साचलेलं पाणी हाताने निपटायचे आणि दरवाजा उघडायचे. दरवाजा रोज तीन वेळा ओढल्याशिवाय उघडत नसे, आणि आप्पा रोज त्याला तीनच शिव्या घालत.

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला छोटा टेंपो, अकरा वर्षं वापरलेला. सात वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं, बावीस कॅन हौद्यात लावून दोरीने आवळायचे आणि सव्वासहाच्या आत दूध थंड करणाऱ्या चिलिंग सेंटरला पोचायचं, एवढं त्याचं काम. पण मधे कालव्याच्या बांधावरून जाणारा अडीच कोसांचा रस्ता होता. एका गाडीपुरता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शेतात उतरणारी घसरण. समोरून सायकल आली तरी दोघांपैकी एकाला अंग चोरावं लागायचं.

दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. उजेड पडायचा तो बंपरच्या पुढे चार हात, आणि तिथेच धाप लागल्यासारखा थांबायचा. म्हणून काकू, म्हणजे आप्पांची बायको, शेजारी बसून खिडकीतून मान बाहेर काढायच्या. कानाला फडकं बांधून.

"डावीकडे घ्या जरा. सरळ. सरळ. अहो, दगड!"

"दिसला मला."

"दिसला होता तर चढवत कशाला होतात त्याच्यावर?"

असं भांडत भांडत ते पोचायचे. त्या पंधरवड्यात दोनदा पोचले तेव्हा सेंटरचा टँकर निघून गेला होता. बावीस कॅन दूध घेऊन उलटं परतायचं, आणि प्रत्येक दारात जाऊन "आज घेतलं नाही हो" असं सांगायचं. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण एका म्हातारीने आपला कॅन आप्पांसमोर आतबाहेरून घासला, जणू दूध त्यांच्याच हाताने नासलं होतं. सेंटरच्या साहेबाने स्वच्छ सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा असं झालं तर ही फेरी दुसऱ्या गाडीला जाईल. त्यात वीस तारखेला गाडीचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी होती. आणि घरात सून अवघडलेली, दिवस भरत आलेले. मुलगा लांबच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा तोंड दाखवणारा. घर चालायचं ते या टेंपोवर.

अशा वेळी काकूंचा धाकटा भाऊ उगवला. बाजाराच्या गावात त्याचं गाड्या सजवायचं दुकान होतं. सीटची कव्हरं, रंगीत पट्ट्या, सात सुरांचे भोंगे. त्याचा शर्टसुद्धा चमकायचा, म्हणून सगळे त्याला चकाकी म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

"दाजी, एवढंच ना?" तो म्हणाला. "पंधरा मिनिटं द्या मला. असे एलईडी टाकतो, की कोंबडे आरवायला लागतील."

खरंच पंधरा मिनिटं लागली. जुने बल्ब काढले, उजेड पुढे फेकणाऱ्या त्याच जुन्या वाट्यांत नवे खुपसले. मागचा रबरी टोप बसेना, तर चाकूने कापला. आतून एक लोंबती वायर निघाली. चकाकीने ती वाकवून बाजूला केली आणि म्हणाला, "ही जास्तीची आहे." दिवे लावले तेव्हा गोठा पांढराफटक झाला आणि म्हैस खुंट्याभोवती फिरायला लागली. सून दारात आली, तिने पदर डोळ्यांवर घेतला. आप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी चकाकीला दोन वेळा जेवायचा आग्रह केला.

दुसऱ्या दिवशी बांधावर चढल्यावर काकू म्हणाल्या, "मला तर समोर चुना फासल्यासारखं दिसतंय. वरची झाडं तेवढी दिसतायत."

"तुला उजेडाची सवय नाही."

"घुबड दिसलं मला आत्ता. शेंड्यावरचं. आपल्याला काय घुबडाचं दूध काढायचंय?"

खरं सांगायचं तर धुक्यात त्यांनाही पुढचं फार काही दिसत नव्हतं. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. समोरून पेपरवाला सायकलवर आला. गाडी लांब असतानाच तो खाली उतरला, सायकल कडेला घेतली आणि हात वर केला. आप्पांनी चकित होऊन स्टिअरिंगवरचा हात उचलला. पुढे भाजीवाला भेटला, त्यानेही गाडा थांबवून हात वर केला. मग शाळेचे मास्तर, फिरायला निघालेले. मास्तरांनी तर दोन्ही हात वर केले.

अकरा वर्षांत या रस्त्यावर आप्पांना कोणी हात केला नव्हता. दूधवाल्याच्या खटाऱ्याला कोण हात करतं? आप्पा घरी आले ते छाती काढूनच. चहा पिता पिता सुनेला म्हणाले, "माणसाने गाडी नीट ठेवली की लोकसुद्धा मान देतात बघ. मास्तर, एवढा शिकलेला माणूस, थांबून हात करतो."

सून हसली आणि म्हणाली, "छान झालं, मामंजी." काकू चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या काही बोलल्या नाहीत की आप्पांनी सावध व्हायला हवं होतं.

आठ दिवस हा मान चालला. नवव्या दिवशी नर्सबाई समोरून आल्या.

नर्सबाई आरोग्य उपकेंद्राच्या. स्कूटरच्या पुढ्यात सामानाची पत्र्याची पेटी घेऊन त्या वेळी-अवेळी फिरायच्या. आप्पांचा मुलगा त्यांच्याच हातावर जन्मला होता, सुनेची तपासणीही त्याच करत होत्या. स्कूटरचा एकुलता दिवा धुक्यातून येताना दिसला. मग बाईंचा हात वर झाला.

"बघ, बाईसुद्धा," आप्पा म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला.

दिवा एकदम तिरका झाला आणि दिसेनासा झाला.

"अहो थांबा! पडल्या! बाई पडल्या!" काकू ओरडल्या आणि गाडी थांबायच्या आत खाली उतरल्या.

नशीब एवढंच, की पडल्या त्या शेताच्या बाजूला. स्कूटर घसरणीवर आडवी, चाक अजून फिरत होतं. बाई चिखलात बसल्या होत्या आणि डाव्या हाताने पेटीचं कुलूप तपासत होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता. आप्पा धडपडत खाली उतरले.

"बाई, लागलं का?"

"आधी ते दिवे बंद करा," बाई म्हणाल्या.

बाईंना गाडीत काकूंच्या जागेवर बसवलं. काकू मागे कॅनांत उभ्या राहिल्या. सेंटरला दूध उतरवून आप्पांनी बाईंना दवाखान्यात नेलं. मनगटाच्या हाडाला चीर होती. तीन आठवडे प्लास्टर. रस्ताभर बाई एक अक्षर बोलल्या नाहीत आणि आप्पांना वाटत राहिलं, की त्या मनातल्या मनात तक्रारीचा कागद लिहितायत.

संध्याकाळी ते बाईंच्या खोलीवर गेले. बाई डाव्या हाताने पोळी तोडत होत्या, जमत नव्हतं. आप्पा उंबऱ्यातच उभे राहिले.

"बसा," बाई म्हणाल्या. "हे बघा, मी लिहून दिलं तर तुमची गाडी अडकेल आणि पासिंगही जाईल. सात वस्त्यांचं दूध मग डोक्यावरून न्यायचं का? आणि नाही लिहिलं, तर उद्या आणखी कुणी पडेल. पाण्याच्या बाजूला."

"तुम्ही म्हणाल तसं करतो, बाई."

"उद्या पहाटे माझी स्कूटर घ्या आणि मी पडले तिथून या. तुमची गाडी दुसऱ्या कुणाला तरी समोरून आणायला सांगा. रोजच्यासारखी, कॅन भरलेली. काय दिसतं ते मला येऊन सांगा, मग मी ठरवते."

आप्पा उठले तेव्हा बाईंनी पाठीमागून विचारलं, "सुनेचे पाय सुजलेत का हो? मीठ कमी करायला सांगा तिला. आणि दुखायला लागलं तर लगेच फोन करा. एक हात चालतोय अजून माझा."

आप्पांना त्या क्षणी बाईंनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी टेंपो चकाकीच्या ताब्यात होता. काकू त्याच्या शेजारी. आप्पा बाईंच्या स्कूटरवर, गुडघे हँडलला लागतायत अशा अवस्थेत, बांधावर थांबले होते. मग लांबून उजेड आला आणि त्यांनी स्कूटर पुढे घेतली.

आधी नुसतं पांढरं दिसलं. मग ते पांढरं वाढत गेलं. रस्ता गेला, कडेचं गवत गेलं, स्वतःच्या स्कूटरचं पुढचं चाक गेलं. पाणी कोणत्या अंगाला आणि शेत कोणत्या अंगाला, हे अकरा वर्षं रोज जाणाऱ्या माणसाला सांगता येईना. आप्पांनी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर टेकवला, आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. डोळ्यांसमोर आडवा.

टेंपो खडखडत जवळ आला. केबिनमधून चकाकीने हसून हात उंचावला.

"वा दाजी! काय झोकात हात केलात!"

गाडी पुढे जाऊन थांबली. आप्पा तसेच उभे होते, हात अजून कपाळापाशी. पेपरवाला आठवला. भाजीवाला आठवला. दोन्ही हात वर करणारे मास्तर आठवले. आणि त्यांच्याकडे बघून रुबाबात हात उचलणारा आपण. त्या गारठ्यातही त्यांचे कान तापले.

काकू उतरून जवळ आल्या.

"तुला कळलं होतं का गं?" आप्पांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"किती खूश होतात तुम्ही," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, राहू दे चार दिवस. चूक माझीही आहे."

आप्पा बाईंना सांगायला गेले, तेव्हा सगळं सांगितलं. हातांचंसुद्धा. बाई इतक्या हसल्या की प्लास्टरचा हात पोटाशी धरावा लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता वायरमास्तरांकडे जा. आणि ते सांगतील त्यापेक्षा जास्त उजेड मागू नका."

वायरमास्तर म्हणजे आयुष्यभर गाड्यांच्या वायरी जोडलेला म्हातारा. बोटं काळी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. त्याने चकाकीचा बल्ब बाहेर काढला आणि मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला.

"हा कुणाचा पराक्रम?"

चकाकी मागे सरकला.

"अरे, ही वाटी जुन्या बल्बसाठी घडवलेली. तारेच्या जागेवर तार, तरच झोत जागेवर. तू दुसरंच घुसवलंस, तर उजेड वाट फुटेल तिकडे जाणार. पासिंगला हे बघितल्याबरोबर गाडी परत पाठवतील, आणि बरोबरच करतील. उजेड कमी नव्हता रे तुमचा. पोचत नव्हता."

मग त्याने एकेक गोष्ट दाखवली. काचा पिवळ्या, आतली वाटी काळवंडलेली, वायर सुतळीएवढी बारीक आणि गंजलेली. बॅटरीतून निघालेली वीज बल्बपर्यंत येईस्तोवर निम्मी वाटेत संपत होती. वायरमास्तरांनी नवे दिवे आणवले, या गाडीला मंजूर असलेले, काचेवर मंजुरीचा शिक्का असलेले. बल्ब साधेच, नियमात बसतील तेवढ्याच ताकदीचे. पण बॅटरीपासून थेट नवी जाड वायर ओढली आणि मधे रिले, म्हणजे वीज थेट दिव्यांना सोडणारी छोटी डबी, बसवला. दिवे चकाकीने आपल्या दुकानातून आणले. पैशाचं विचारलं तर कानाला हात लावला.

संध्याकाळी गोदामाच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर टेंपो उभा केला. वायरमास्तरांनी चाकांत हवा बघितली आणि दिव्यांच्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. मग तिच्या तीन इंच खाली दुसरी. डिपरच्या, म्हणजे खाली वळवलेल्या उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर बसली पाहिजे. स्क्रू फिरवत फिरवत त्यांनी ती बसवली. स्वच्छ, कापल्यासारखी कड. वर अंधार, खाली उजेड.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

काकू इतका वेळ पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण गाडी तर रिकामी आहे."

वायरमास्तरांनी वळून पाहिलं.

"पहाटे बावीस कॅन असतात मागे," काकू म्हणाल्या. "ते चढले की गाडीचं नाक वर होतं. मी रोज बघते ना, टपावरचं पाणी सगळं मागे ओघळतं."

म्हाताऱ्याने खडू खिशात टाकला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. भरा कॅन."

दूध कुठून आणणार? पाणी भरलं. गोदामाच्या हौदावरून बादलीबादलीने बावीस कॅन. चकाकीचा चमकता शर्ट कोपरापर्यंत भिजला. बाविसावा कॅन चढला तेव्हा सगळे भिंतीकडे वळले. उजेडाची कड दोन्ही रेघा ओलांडून माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला गेली होती. तिथे स्कूटरवर बसलेलं माणूस असतं तर त्याने हात वर केला असता, एवढं प्रत्येकाला दिसत होतं.

"आता?" आप्पा म्हणाले. "भरलेल्या गाडीवर बसवलं तर पासिंगला रिकामी गाडी खालीच बघेल."

वायरमास्तर केबिनमध्ये शिरले. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक छोटी खुंटी होती आणि तिच्यावर काकूंचं कानाला बांधायचं फडकं लटकत होतं. अकरा वर्षं तिथेच लटकत होतं. वायरमास्तरांनी फडकं उचललं. खाली शून्य, एक, दोन, तीन असे आकडे होते.

"हे काय आहे ठाऊक आहे?"

"फडकं अडकवायचं," आप्पा प्रामाणिकपणे म्हणाले.

"दिवे खालीवर करायचं बटण आहे हे. गाडी बनवणाऱ्याला ठाऊक होतं, की ही मागून भरली जाणार. तुमची वायर उंदरांनी कुरतडली असेल. उरलेलं टोक या चकाकीने जास्तीचं म्हणून वाकवून टाकलं."

वायर जोडली. नव्या दिव्यांच्या मागे छोट्या मोटरी होत्याच. काकूंनी स्वतः हात पुढे करून बटण फिरवलं. एक. दिव्यांच्या मागे बारीक घुरघुर झाली आणि भिंतीवरची कड खाली आली. दोन. आणखी खाली आली आणि खडूच्या खालच्या रेघेवर येऊन बसली.

आप्पांनी वायरमास्तरांचे दोन्ही काळे हात धरले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "चहा घेणार का?"

"घेणार की. साखर जास्त घाला."

वीस तारखेला पासिंगच्या मैदानात तपासणीसाने दिव्यांसमोर यंत्र धरलं, आकडा बघितला, काचेवरचा शिक्का बघितला, मागे हात घालून रबरी टोप चाचपला. मग केबिनमध्ये वाकून ते बटण शून्यापासून तीनपर्यंत फिरवलं. घुरघुर ऐकून तो थांबला, पुन्हा फिरवलं, आणि पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारली, "ए, इकडे ये! चालू असलेलं बघून घे एकदा." आप्पांची गाडी पास झाली.

पहाटेचा रस्ता बदलला. धुकं होतंच, पण उजेड आता जमिनीला धरून जायचा. चाकोरी दिसायची, दगड दिसायचा, पाण्याची कड दिसायची. काकूंची मान आत आली. पेपरवाला सायकलवरून न उतरता निघून गेला. भाजीवाल्याने गाडा नुसता कडेला घेतला. मास्तर हात मागे बांधून चालत राहिले. कोणी म्हणून हात वर करेना. पहिल्या दिवशी आप्पांना एवढं बरं वाटलं, की त्यांनी उगाचच एकदा भोंगा वाजवला आणि काकूंची बोलणी खाल्ली.

बाईंचं प्लास्टर निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुनेला कळा सुरू झाल्या. काकूंनी बाईंना फोन लावला. आप्पा सगळे कॅन चढवून काकूंना घ्यायला नुकतेच दारापाशी आले होते, किल्ली हातात घेऊन नुसते येरझाऱ्या घालायला लागले.

"मामंजी, तुम्ही जा," सून दात आवळून म्हणाली. "तुमच्याने इथे काय होणार आहे?"

खरंच काही होणार नव्हतं. आप्पा निघाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा शेजारची जागा रिकामी होती. फडकं तेवढं सीटवर पडलेलं. बांधावर चढताना त्यांनी बटण दोनवर आहे ना, हे बोटाने चाचपून पाहिलं.

निम्म्या वाटेवर समोर एकुलता दिवा दिसला. तोच बांध, पुढेमागे तीच जागा. आप्पांनी डिपर दिला, वेग कमी केला आणि गाडी पाण्याच्या अंगाला जितकी घेता येईल तितकी घेऊन थांबवली. आणि बघत राहिले. बाई थांबतील. पाय टेकतील. हात वर करतील.

बाई थांबल्या नाहीत. वेगसुद्धा कमी केला नाही. उजेड त्यांच्या गुडघ्यांवर, पेटीवर, हँडल घट्ट धरलेल्या दोन्ही हातांवर पडला होता. चेहरा वरच्या अंधारात, आणि त्यात सताड उघडे, रस्त्यावर लावलेले डोळे. घुंग करून स्कूटर बाजूने निघून गेली.

आप्पांनी मागे वळून लाल दिवा लहान होत गेलेला बघितला. मग त्यांचा हात आपोआप वर गेला. केबिनमध्ये अंधार होता, बाई पाठमोऱ्या होत्या, कोणाला दिसायचं कारण नव्हतं. तरी त्यांनी तो बराच वेळ वर ठेवला.

सेंटरला अर्धे कॅन उतरले होते तेव्हा फोन वाजला.

"मुलगी झाली," काकू म्हणाल्या. "दोघी छान आहेत. बाई आल्या आणि दहा मिनिटांत झालं. बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता हो. बाईंनी हातोहात सोडवला. म्हणाल्या, जरा उशीर झाला असता तर अवघड होतं."

आप्पा कॅनवर बसले.

"आणखी काही म्हणाल्या का?"

"विचारलं मी, एवढ्या धुक्यात इतक्या लवकर कशा आलात? तर म्हणाल्या, वाटेत कुठे थांबावंच लागलं नाही."

आप्पांनी फोन खिशात टाकला. डोळे पुसले, मग खांद्यावरचा टॉवेल घेऊन गाडीच्या पुढे जाऊन बसले आणि दिव्यांवर उडालेला चिखल पुसायला लागले.